याप्य व्याधी आणि वैद्याचे सत्य

काही वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यातील एक बावन्न वर्षांचे शेतकरी माझ्या चिकित्सालयात आले. तक्रार साधी होती. उजव्या हातात जोर राहिलेला नाही, ऊस तोडताना कोयता निसटतो, सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत. वेदना नव्हती, मुंग्या नव्हत्या, स्पर्शज्ञान उत्तम होते. खांदा थोडा उतरलेला दिसला आणि मी 'अवबाहुक' असे निदान लिहून मोकळा झालो. नस्य, अभ्यंग, नाडीस्वेद आणि पोटात विषतिंदुक वटी अशी चिकित्सा सुरू केली. महिन्याभराने हात अधिकच कृश झाला, तेव्हा आमाचा अनुबंध असावा असे समजून लंघन आणि मृदू विरेचनही दिले. चौथ्या महिन्यात ते पाणी पिताना ठसकू लागले, तेव्हा कुठे मी त्यांना जीभ दाखवायला सांगितली. जिभेच्या कडा झिजलेल्या होत्या आणि पृष्ठभागावर बारीक स्फुरणे अखंड चालू होती. मिरजेच्या मज्जातंतुतज्ज्ञांनी तपासण्या करून निदान कळवले : मोटर न्यूरॉन डिसीज. त्या चार महिन्यांत रुग्णाचे वजन सहा किलोंनी घटले होते. त्यातील काही वाटा व्याधीचा होता आणि काही माझ्या लंघन-विरेचनाचा होता, हे मान्य करूनच मी हा लेख लिहीत आहे.

या व्याधीविषयी आपल्या वर्तुळात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, 'हा असाध्य आहे, हात लावू नका.' दुसरा म्हणतो, 'आमच्याकडे हमखास गुण येतो.' माझ्या मते हे दोन्ही सूर शास्त्राला धरून नाहीत. आपले खरे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ते स्थान अधिक कष्टाचे आहे.

व्याधीचे स्वरूप

मेंदू आणि मेरुरज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हालचालीची आज्ञा पोहोचवतात, त्या चेष्टावह पेशी या व्याधीत क्रमाक्रमाने नष्ट होतात. फ्रान्समधील शार्को यांनी 1869 मध्ये या व्याधीचे शवविच्छेदनाधारित वर्णन केले. हात, पाय, जीभ, कंठ आणि शेवटी श्वसनाचे स्नायू अशी त्याची वाटचाल होते. क्रम मात्र रुग्णागणिक बदलतो. संवेदना, नेत्रांची हालचाल आणि मलमूत्रावरील नियंत्रण बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहते. बऱ्याच रुग्णांची बुद्धी स्वच्छ असते. काहींमध्ये मात्र स्वभाव व विचारशक्ती यांतही बदल होतो. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण तीन ते पाच वर्षांचे आयुष्य उरते, तरी सुमारे दहा टक्के रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगतात. स्टीफन हॉकिंग यांना 1963 मध्ये एकविसाव्या वर्षी हे निदान झाले आणि ते 2018 पर्यंत जगले. असे उदाहरण अपवादाचे असते, नियमाचे नव्हे, हे रुग्णाला सांगताना विसरू नये.

युरोपात दरवर्षी लाखात सुमारे दोन नवे रुग्ण आढळतात. 2011 च्या जनगणनेनुसार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून 58 लाखांच्या आसपास होती. युरोपातील प्रमाणाच्या निम्मे धरले तरी आपल्या या दोन जिल्ह्यांत दरवर्षी पन्नासहून अधिक घरांवर हा आघात होतो. त्यांतील कित्येक प्रथम आपल्याच दाराशी येतात, कारण 'वाताचा विकार' म्हटले की आजही लोकांना वैद्य आठवतो. लक्षणारंभापासून निदानापर्यंत जगभरात सुमारे एक वर्ष जाते. त्या वर्षातील चार महिने एका रुग्णाचे माझ्याकडे गेले.

ओळखण्यातील चुका

यासाठी यंत्र लागत नाही. वेदनेवाचून आणि बधिरतेवाचून एका अवयवाचे बल घटत असेल, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग बसला असेल, पिंढरी किंवा दंडावर आपोआप स्फुरणे दिसत असतील, कृश झालेल्या अवयवातही हातोडीने ठोकल्यावर झटका जोराचा येत असेल, बोलणे जड झाले असेल किंवा पाण्याने ठसका लागत असेल, तर अवबाहुक, गृध्रसी अशी नावे देण्यापूर्वी थांबावे. प्रत्येक कृश अवयवाच्या रुग्णाची जीभ पाहावी. मी हे एक पथ्य तेव्हापासून पाळतो.

याच्या उलट चूकही होते. मोटर न्यूरॉन डिसीजसारखे दिसणारे काही विकार बरे होण्याजोगे असतात : मानेच्या मणक्यांत मेरुरज्जूवर येणारा दाब, मायस्थेनिया, थायरॉइडची अतिक्रिया, शिशाची विषबाधा, प्रेरक नसांचा प्रतिकारशक्तीजन्य दाह. 2025 च्या जानेवारीत पुण्यात गुलैन-बारी विकाराची साथ आली होती. तो विकार दिवसांत वाढतो आणि बहुतेक रुग्ण त्यातून उठतात. प्रस्तुत व्याधी महिन्यांत वाढतो आणि मागे फिरत नाही. विदर्भातील लाखोळी डाळीमुळे येणारा पांगुळेपणाही यांतच मोजावा. भावप्रकाशकारांनी त्रिपुट धान्याच्या अतिसेवनाने खंजत्व व पंगुत्व येते असे नोंदवले आहे. शास्त्रकारांचे हे निरीक्षण आजच्या विषशास्त्राने खरे ठरवले.

सर्वांत महत्त्वाचा एक गट मुद्दाम वेगळा सांगतो. पंधरा ते पंचविशीतील मुलांमध्ये एकाच हाताचा पंजा व मनगटाचा भाग कृश होतो, काही वर्षे वाढतो आणि मग आपोआप थांबतो. जपानमध्ये हिरायामा यांनी 1959 मध्ये त्याचे वर्णन केले, भारतात डॉ. गौरीदेवी यांनी 1984 मध्ये बंगळुरूहून अशाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मद्रास प्रकार म्हणून ओळखला जाणारा, तरुण वयात सुरू होणारा आणि बहिरेपणासह येणारा दाक्षिणात्य प्रकारही 1970 मध्ये वर्णिला गेला. त्याचे रुग्ण दशकानुदशके जगतात.

हे तपशील केवळ पांडित्यासाठी दिलेले नाहीत. तासगाव भागातील एका द्राक्षबागायतदाराच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला असाच हात कृश होण्याचा त्रास झाला. एका ठिकाणी त्याला सुवर्णकल्प दिले गेले. तीन वर्षांनी त्याचा क्षय थांबला आणि त्या ठिकाणच्या पत्रकावर 'मोटर न्यूरॉन डिसीज बरा झाला' असे छापून आले. पुढे तो मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा मान वाकवून केलेल्या एमआरआयने हिरायामा विकार असल्याचे स्पष्ट झाले. त्याला काहीही दिले नसते, तरी क्षय थांबलाच असता. दरम्यान ते पत्रक कोरेगावच्या त्या शेतकऱ्याच्या घरी पोहोचले होते. मुलाच्या छायाचित्रावर विश्वास ठेवून त्यांनी बागायतीपैकी अर्धा एकर विकला आणि तीन महिन्यांच्या 'कोर्स'साठी पैसे भरले. चौथ्या महिन्यात ते उभे राहू शकत नव्हते. पत्रक काढणाऱ्याने कदाचित बुद्ध्या लबाडी केली नसेल. निदान नीट न करता यशाचे श्रेय घेतले, एवढेच. पण परिणाम तोच झाला.

औषध काय करते

आधुनिक वैद्यकाचीही येथे फार बढाई मारण्याजोगी स्थिती नाही. 1995 पासून वापरात असलेले रिल्युझोल सरासरी दोन-तीन महिन्यांनी आयुष्य वाढवते. 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टोफरसेन हे केवळ एका विशिष्ट जनुकदोषाच्या मोजक्या रुग्णांसाठी आहे. मूलपेशींचे उपचार तर 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार या व्याधीसाठी संशोधनाबाहेर देताच येत नाहीत.

तथापि एका घटनेकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेत या व्याधीसाठी एका नव्या औषधाला मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत, 664 रुग्णांवर 48 आठवडे वापरूनही, त्याचा उपयोग दिसला नाही. आणि एप्रिल 2024 मध्ये खुद्द उत्पादक कंपनीनेच ते बाजारातून मागे घेतले. आपल्यापैकी किती जणांनी स्वतःचा आवडता कल्प, गुण आला नाही म्हणून, जाहीरपणे मागे घेतला आहे? हा व्याधी थांबवतो असे सिद्ध झालेले एकही आयुर्वेदीय औषध आज आपल्यापाशी नाही. हे वाक्य आपल्याच त्रैमासिकात लिहिताना संकोच वाटतो, पण ते लिहिल्याशिवाय पुढचे काही प्रामाणिकपणे लिहिता येत नाही.

याप्य म्हणजे काय

मग आपण करायचे काय? चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात साध्यासाध्यतेचे विवेचन करताना सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे भेद केले आहेत. असाध्यावर हात टाकणारा वैद्य अर्थ, विद्या आणि यश गमावतो असा इशाराही तेथेच आहे. वातव्याधी चिकित्सेत तर अंगशोष, पंगुत्व यांसारख्या गंभीर वातविकारांविषयी ते म्हणतात की हे प्रयत्नाने साधतील किंवा साधणारही नाहीत. नवे, बलवान रुग्णाचे आणि उपद्रवरहित असतील तरच यत्न करावा.

परंतु 'याप्य' या शब्दाची सर्वांत सुंदर उकल सुश्रुताचार्यांनी केली. कोसळू पाहणाऱ्या घराला योग्य जागी लावलेला टेकू जसा धरून ठेवतो, तशी याप्य व्याधीतील चिकित्सा रुग्णाला धरून ठेवते, असा त्यांचा आशय आहे. टेकू घराची भिंत नवी करत नाही. पण टेकू असेतो घरातली माणसे घरात राहतात. माझे म्हणणे असे की, मोटर न्यूरॉन डिसीज आपल्या चिकित्सेने साध्य होत नाही, पण याप्य म्हणून त्याचे व्यवस्थापन करणे हे आपले शास्त्रसंमत कर्तव्य आहे. टेकू लावताना 'भिंत नवी केली' अशी पाटी मात्र लावू नये.

काय करावे, काय टाळावे

पहिला नियम बृंहणाचा. या व्याधीत वजन घटणे हे आयुष्य घटण्याचे चिन्ह आहे. म्हणून वमन, विरेचन, लंघन यांना येथे स्थान नाही. मी केलेली चूक कोणी करू नये. शतावरी, अश्वगंधा, घृत, दूध यांचा उपयोग बल व शरीरभार टिकवण्यासाठी करावा आणि त्याच अपेक्षेने करावा. मृदू अभ्यंग व स्वेद यांनी स्नायूंचा ताठरपणा, पेटके आणि सांध्यांचा आखडलेपणा सुसह्य होतो. रुग्णाला झोप लागते. याला 'रोग बरा झाला' म्हणू नये, पण क्षुल्लकही समजू नये. सहन होईल तेथे क्षीरप्रधान यापन बस्तींचा विचार करता येतो. त्यांच्या नावातच त्यांची मर्यादा आणि महती दोन्ही आहेत.

दुसरा नियम कंठाचा. गिळणे बिघडलेल्या रुग्णाला स्नेहपान, गंडूष, कवल आणि नस्य देऊ नये. श्वासमार्गात गेलेले तेल-तूप फुप्फुसात साठून दाह उत्पन्न करते. कोरडे चूर्ण ठसक्याला निमंत्रण देते. पातळ आसव-अरिष्ट त्याहून अधिक. औषध घट्ट लेहात कालवून, रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन द्यावे. आहारात मऊ भात, घट्ट वरण, नाचणीच्या सत्त्वाची खीर. गिळणे फार कठीण होत असेल तर पोटातून नळी बसवण्याचा सल्ला वेळेवर द्यावा. श्वसनाची शक्ती निम्म्याखाली गेल्यावर ती शस्त्रक्रिया धोक्याची ठरते.

तिसरा नियम श्वासाचा. आडवे पडल्यावर गुदमरणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा झोप येणे ही श्वसनस्नायू थकल्याची चिन्हे आहेत. येथे आपल्या कोणत्याही कल्पाहून मास्कने श्वासाला आधार देणारे बायपॅप यंत्र श्रेष्ठ आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत, कंठ फार बिघडलेला नसलेल्या रुग्णांचे आयुष्य या यंत्राने सुमारे 205 दिवसांनी वाढले. रिल्युझोलपेक्षाही हा लाभ मोठा आहे. मिरज, कराड वा पुणे येथे रुग्णाला यासाठी पाठवण्यात आपल्या शास्त्राची मानहानी नाही.

चौथा, विषतिंदुकाचा. कुपीलूतील स्ट्रिक्निन मेरुरज्जूतील आवर घालणारी क्रिया सैल करते. ज्या रुग्णाच्या स्नायूंत आधीच ताठरपणा व झटके आहेत, त्याला ते देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. 'वात म्हणजे कुचला' हे समीकरण येथे मोडावे. रुग्ण रिल्युझोल घेत असेल तर यकृताच्या तपासण्या चालू आहेत ना, हेही विचारावे आणि आपली औषधे त्याच्या मज्जातंतुतज्ज्ञांपासून लपवू नयेत.

शेवटी एक. या व्याधीत काही रुग्णांना कारणावाचून हसू किंवा रडू अनावर येते. तो उन्माद नव्हे, भूतबाधा नव्हे. एवढे घरच्यांना समजावले तरी घरातले अर्धे भय जाते.

औषधविक्रेत्यांना विनंती

आपल्या सभासदांत औषधालयांचे मालक मोठ्या संख्येने आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. 2004 मध्ये अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय औषधांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. 2008 च्या दुसऱ्या पाहणीत 193 औषधांपैकी सुमारे 21 टक्क्यांत तेच आढळले, आणि रसकल्प नसलेली, केवळ वनस्पतिजन्य म्हणून विकली जाणारी औषधेही त्यांत होती. भस्मनिर्मितीच्या शास्त्रशुद्धतेविषयी आपण वाद घालू शकतो. पण शिशाने मनगट लुळे पडते, स्नायू झिजतात आणि ते चित्र प्रस्तुत व्याधीसारखे दिसते, याविषयी वाद नाही. म्हणून नागभस्मयुक्त कल्प घेत असलेल्या, हात लुळा पडलेल्या रुग्णाचे रक्तातील शिसे तपासल्याशिवाय निदान पूर्ण मानू नये. आणि असे कल्प या रुग्णांना चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. बिननावाच्या पुड्या काउंटरवर ठेवू नयेत. वनस्पतिजन्य मालाचेही जड धातूंच्या तपासणीचे प्रमाणपत्र उत्पादकाकडे मागावे. निर्यातीच्या अशा मालाला 2006 पासून ती तपासणी सक्तीची आहे. कोरेगावच्या शेतकऱ्याचे रक्त परदेशी ग्राहकाच्या रक्ताहून स्वस्त का असावे?

तसेच 1954 च्या औषधी व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मज्जासंस्थेचे विकार व पक्षाघात हे दोन्ही आहेत. ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. असे पत्रक आपल्या दुकानात कोणी ठेवू मागितल्यास नकार द्यावा.

सत्य किती सांगावे

इंद्रियस्थानाच्या शेवटी चरकाचार्य सांगतात की मरणाची चिन्हे दिसत असली तरी वैद्याने न विचारता ते बोलू नये, आणि विचारले तरी ज्या ठिकाणी ते रुग्णाला वा इतरांना घातक ठरेल तेथे सांगू नये. या उपदेशाचा आधार घेऊन आपण खोट्या आशेचा व्यापार चालवतो, हे मला मान्य नाही. न बोलणे आणि खोटे बोलणे यांत अंतर आहे. 'गुण येईल, धीर धरा' हे मौन नव्हे. ते असत्य आहे, आणि त्याची किंमत अर्धा एकर असू शकते.

जमीन विकून झाल्यावर त्या शेतकऱ्याच्या पत्नी एकट्याच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना नक्की काय झालंय ते सांगा. आम्ही घाबरणार नाही. पण आता आणखी काय विकायचं, ते तरी आम्हाला ठरवू द्या." मी सांगितले. पुढच्या भेटीत रुग्णानेच विचारले, तेव्हा त्यांनाही सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मुलाला उसाच्या फडाचा हिशेब लिहून घ्यायला बसवले. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज केला गेला. कृत्रिम श्वासयंत्रावर कायमचे राहायचे की नाही, हे त्यांनी बोलता येत असतानाच ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा पूर्वलिखित इच्छेला मान्यता दिली आणि 2023 मध्ये तिची पद्धत सोपी केली, हे आपण सर्वांनी माहीत करून घ्यावे. निदानानंतर ते दोन वर्षांहून अधिक काळ जगले आणि आपल्या घरात, आपल्या माणसांत गेले. माझ्या औषधाने त्यांचे आयुष्य वाढले असे मी म्हणत नाही. पण शेवटच्या वर्षात ते कोणाच्या पत्रकामागे धावले नाहीत.

एक प्रस्ताव

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील सभासदांपुढे मी एक प्रस्ताव ठेवतो. या व्याधीच्या प्रत्येक रुग्णाची एकसारखी नोंद आपण ठेवावी : मज्जातंतुतज्ज्ञाचे निदान, दर महिन्याचे वजन, दिलेली औषधे आणि बारा प्रश्नांची, 48 गुणांची जगन्मान्य कार्यक्षमता-श्रेणी. ही श्रेणी कोणताही वैद्य दहा मिनिटांत भरू शकतो. बोलणे, गिळणे, लिहिणे, चालणे, श्वास यांविषयीच ती विचारते. वर्षातून एकदा सर्व नोंदी याच त्रैमासिकात, रुग्णाचे नाव वगळून, प्रसिद्ध कराव्यात. गुण आला तर तो, न आला तर तोही. निदान चुकले असेल तर ते सर्वप्रथम. पहिली नोंद मी देईन : अवबाहुक समजलेला, लंघन-विरेचन दिलेला, सहा किलो वजन घटलेला, कोरेगाव तालुक्यातील शेतकरी.

कदाचित दहा वर्षांनी आपल्याला एखाद्या कल्पाचा खरा उपयोग दिसेल. कदाचित काहीच दिसणार नाही. दोन्ही निष्कर्ष शास्त्राच्या कामाचे आहेत. तोवर टेकू नीट लावू आणि तो टेकूच आहे, असे सांगू. इत्यलम्।